चला, शांघायच्या बांधावर!

"मुंबईचं शांघाय करू!" हे वाक्य तुमच्या कानावरून कधी ना कधी गेलंच असेल. २००४ च्या सुमारास ते इतक्या वेळा बोललं गेलं, की शेवटी लोक त्यावर विनोद करू लागले. रस्त्यात खड्डा दिसला की म्हणायचं, "झालं बघा शांघाय!"

पण हे शांघाय आहे तरी कसं? तिथं पाहण्यासारखं काय आहे? आणि खरंच, त्यातलं काय आपल्याकडे आणण्यासारखं आहे आणि काय नाही? आज आपण दिवसभर शांघायात भटकणार आहोत. पायात चांगले बूट घाला, पाण्याची बाटली घ्या, आणि हो, घड्याळाचे काटे अडीच तास पुढे सरकवा. आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजतात, तेव्हा तिकडे दहा वाजलेले असतात.

नकाशात चीनचा पूर्व किनारा पाहा. यांगत्से ही चीनमधली सर्वांत लांब नदी जिथं समुद्राला मिळते, तिथंच हे शहर आहे. 'शांग' म्हणजे वर आणि 'हाय' म्हणजे समुद्र. समुद्रावरचं गाव ते शांघाय! शहराच्या मधून मात्र यांगत्से वाहत नाही. तिला मिळणारी हुआंगपू नदी वाहते. २०२० च्या जनगणनेत शांघायची लोकसंख्या भरली २ कोटी ४८ लाख.

एक ओळखीचा शब्द

उन्हाळ्यात शांघायला पाचच्या आत उजाडतं. एवढ्या लवकर उठायचा कंटाळा करू नका! भल्या पहाटे आपण पोचतो हुआंगपूच्या पश्चिम काठावर. रुंद, फरसबंद काठ आहे. आजी-आजोबा सावकाश हात-पाय हलवत 'ताइ-ची' नावाचा व्यायाम करताहेत. नदीतून वाळूने भरलेल्या होड्या भोंगा वाजवत चालल्या आहेत. पाठीमागे दीड किलोमीटर लांब, एकाला एक खेटून उभ्या असलेल्या जुन्या दगडी इमारती आहेत. मुंबईच्या फोर्टची आठवण यावी अशा!

या जागेला चिनी लोक म्हणतात 'वायतान', पण सगळं जग तिला 'बंड' म्हणून ओळखतं. आता जरा कान टवकारा. हा 'बंड' शब्द इंग्रजांचा नाही, चिन्यांचाही नाही. तो गेलाय आपल्याकडून! फारसी-हिंदुस्थानीतल्या 'बंद' शब्दावरून तो इंग्रजांनी उचलला. त्याचा अर्थ बांध, बंधारा. आपल्या शेताला असतो तोच. इंग्रज व्यापारी हिंदुस्थानातून चीनला गेले, तेव्हा सामानाबरोबर हा शब्दही जहाजात चढला.

पुण्याच्या मुलांना तर तो लगेच ओळखू येईल. बंडगार्डन! तिथला 'बंड' म्हणजे मुळा-मुठेवरचा बंधारा. पुण्याचा बंड आणि शांघायचा बंड यांचं नातं एवढ्यावरच संपत नाही बरं का. थोडं थांबा, ते पुढे येतंच आहे.

छतावरचं कोलकाता

बंडवरच्या इमारतींपैकी तीन नीट पाहून घ्या. पहिली, उंच घड्याळाची. हे जुनं कस्टम हाउस १९२७ साली पुरं झालं. बंदरात येणाऱ्या मालावर इथं जकात भरावी लागे.

दुसरी तिच्या शेजारची घुमटाची इमारत. १९२३ साली ती हाँगकाँग अँड शांघाय बँकेसाठी बांधली गेली. आत शिरल्यावर मान वर करा. घुमटाखाली रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रं आहेत. जगातली आठ शहरं त्यात दिसतात. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, तोक्यो आणि त्यांच्याच पंक्तीत आपलं कोलकाता! १९५० च्या दशकात ही चित्रं झाकून टाकली गेली. पुढे कितीतरी वर्षं खाली माणसं काम करत होती आणि डोक्यावर काय आहे याची आठवणही उरली नव्हती. १९९७ साली इमारतीची दुरुस्ती निघाली, आणि वरचा थर काढल्यावर आठही शहरं पुन्हा उजेडात आली.

तिसरी इमारत आहे हिरव्या, टोकदार छपराची. १९२९ साली उघडलेलं हे कॅथे हॉटेल. आता त्याला पीस हॉटेल म्हणतात. एके काळी आशिया खंडातल्या सर्वांत थाटाच्या हॉटेलांत ते मोजलं जाई. ते बांधणाऱ्यांचं नाव होतं सर व्हिक्टर ससून.

ससून! पुण्याचं ससून रुग्णालय, मुंबईचा ससून डॉक, काळा घोड्याजवळचं डेव्हिड ससून वाचनालय... तेच हे घराणं. व्हिक्टर हे डेव्हिड ससून यांचे पणतू. बगदादहून मुंबईला येऊन स्थायिक झालेले हे ज्यू व्यापारी. डेव्हिड ससून यांची समाधी पुण्यातच, लाल देवळाच्या आवारात आहे.

पेट्यांमध्ये काय होतं?

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती सुंदर नाही, पण ती टाळून बंडवर फिरणं बरं नाही.

दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांना चीनचा चहा हवा होता, रेशीम हवं होतं. बदल्यात चीनला द्यायला त्यांच्याजवळ फारसं काही नव्हतं. चिनी लोक मागत चांदी. मग त्यांनी एक तोड काढली. हिंदुस्थानात अफू पिकवायची आणि चीनमध्ये नेऊन विकायची! बिहारकडची अफू कोलकात्याहून जाई आणि माळव्याची अफू मुंबईहून. या धंद्यात इंग्रज होते, पारशी होते, गुजराती होते, ससूनांसारखे ज्यू व्यापारीही होते. पेट्याच्या पेट्या जहाजांवर चढत.

तिकडे चीनमध्ये लाखो माणसं अफूच्या आहारी गेली. कामधंदा सुटला, घरं बसली. चीनच्या बादशहाने लिन झेशू नावाच्या अधिकाऱ्याला बंदोबस्तासाठी पाठवलं. त्याने १८३९ साली अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. इंग्रजांनी यावर युद्ध पुकारलं. चीन हरला. १८४२ च्या तहात पाच बंदरं परदेशी व्यापाराला खुली करावी लागली. त्यांतलं एक शांघाय. मग इथं परदेशी लोकांनी आपापल्या वसाहती केल्या. त्यांचे कायदे वेगळे, पोलीस वेगळे. बंडवरचं वैभव उभं राहिलं ते असं.

आणि आता पुण्याच्या बंडकडे वळू. मुळा-मुठेवरच्या त्या बंधाऱ्यासाठी १८५० च्या सुमारास मोठी देणगी दिली होती सर जमशेटजी जीजीभॉय यांनी. मुंबईचं जे. जे. रुग्णालय ज्यांच्या नावाने आहे, तेच हे. दानशूर माणूस! त्यांची दौलत आली होती चीनच्या व्यापारातून. त्यात कापूस होता आणि अफूही होती.

मग यांना चांगलं म्हणायचं की वाईट? मुलांनो, याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. रुग्णालयात आजही गोरगरिबांवर उपचार होतात, हे खरं आहे. आणि त्या पैशासाठी दूरच्या कुणाचं तरी घर बुडालं, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवायच्या, एवढं तर आपण करू शकतो!

फाटकावरचा फेटा

बंडच्या उत्तर टोकाला एक लहानशी बाग आहे. १८६८ साली ती झाली. गंमत म्हणजे, म्हणजे खरं तर गंमत मुळीच नाही, चीनमधल्या या बागेत चिनी माणसांनाच मज्जाव होता! नियमाप्रमाणे बाग परदेशी लोकांसाठी होती. गोऱ्या मुलांना सांभाळणाऱ्या चिनी आयांना तेवढं आत सोडत. १९२८ साली पहिल्यांदा ती सगळ्यांना खुली झाली.

वसाहतीच्या पोलिसांत १८८० च्या दशकापासून शीख शिपाईही होते. पंजाबातून आलेले, उंचेपुरे, लाल फेटेवाले. घरी आपला देश पारतंत्र्यात, आणि नोकरी दुसऱ्या देशातल्या लोकांवर दरारा बसवण्याची! शहरातले लोक त्यांना 'लाल डोकेवाले' म्हणत. ते काही प्रेमाने नव्हे. जुन्या फोटोंत चौकात उभा असलेला असा एखादा शीख पोलीस दिसला, की मनात येतं, त्याला स्वतःला काय वाटत असेल?

आज त्या बागेच्या फाटकावर कुणी कुणाला अडवत नाही. तुम्हीही आरामात आत जा, बाकावर बसा.

बागेला लागूनच सूचौ नावाची छोटी नदी हुआंगपूला मिळते. तिच्यावर पोलादाचा एक जुना पूल आहे, वायबायदू. १९०७ साली बांधलेला. शंभरी उलटल्यावर त्याची दुरुस्ती करायची होती. मग काय केलं माहीत आहे? २००८ साली अख्खा पूल उचलून होडक्यांवर ठेवला आणि कारखान्यात नेला! तिथं त्याला नीट केलं आणि २००९ साली आणून पुन्हा जागच्या जागी बसवलं. दाताची कवळी काढून घासावी आणि परत बसवावी, तसं!

ज्यांना कुणीच घेईना

पूल ओलांडला की हाँगकौ भाग लागतो. इथं एक लहानसं संग्रहालय आहे. तिथं जरूर जा, आणि आईबाबांनाही न्या.

१९३० च्या दशकात जर्मनीत हिटलरने ज्यू लोकांचा छळ मांडला. त्यांना देश सोडून पळायचं होतं. पण जायचं कुठं? बहुतेक देशांनी दारं बंद केली. प्रवेशाचा परवाना हवा, पैसे हवेत, ओळख हवी. शांघाय हे जगातलं असं एक विरळ बंदर होतं, जिथं परवान्यावाचून उतरता येत होतं. सुमारे वीस हजार ज्यू निर्वासित इथं आले. व्हिएन्नाचे डॉक्टर, बर्लिनचे वाजंत्री, शिंपी, शिक्षक आणि त्यांची तुमच्याएवढी मुलं. व्हिक्टर ससून यांनी आपल्या एका मोठ्या इमारतीत त्यांच्या उतरण्याची सोय केली, पैसाही दिला.

तेव्हा शहरावर जपानी सैन्याची सत्ता होती. १९४३ मध्ये जपान्यांनी या सगळ्यांना हाँगकौच्या एका चिंचोळ्या भागात कोंडलं. शेजारी राहणारे चिनी लोकही फार गरीब, पण दोघांनी ते दिवस शेजारपाजाराने काढले. एका जुन्या सिनेगॉगमध्ये २००७ साली या आठवणींचं संग्रहालय उघडलं. तिथल्या एका लांबच लांब भिंतीवर निर्वासितांची हजारो नावं कोरली आहेत. त्यांची म्हातारी झालेली मुलं-नातवंडं दूरदूरच्या देशांतून येतात आणि त्या भिंतीवर आपल्या माणसाचं नाव शोधतात.

आईवडिलांसाठी बाग

एव्हाना भूक लागली असेल. चला यू उद्यानात! बंडपासून ते फार दूर नाही.

चारशे वर्षांपूर्वी पान युनदुआन नावाचा एक सरकारी अधिकारी होता. आपल्या वृद्ध आईवडिलांना शांत, सुखाची जागा हवी म्हणून १५५९ साली त्याने बाग करायला घेतली. ती पुरी व्हायला १५७७ साल उजाडलं. 'यू' म्हणजे समाधान. बागेत तळी आहेत, सोनेरी-तांबडे मासे आहेत, खडकांचे कृत्रिम डोंगर आहेत. भिंतीवरून सरपटत जाणारा चक्क एक ड्रॅगन आहे. भिंतीचा वरचा काठ म्हणजे त्याची पाठ!

तिथला एक उंच दगड शोधा. त्याला सगळीकडून भोकंच भोकं आहेत. म्हणतात, खाली उदबत्ती लावली की सगळ्या भोकांतून धूर निघतो आणि वरून पाणी ओतलं की सगळ्यांतून धारा लागतात. बागेबाहेर तळ्यावर एक नागमोडी पूल आहे, नऊ वळणांचा. असा वाकडातिकडा का? तर भुतांना सरळच चालता येतं, वळता येत नाही अशी जुनी समजूत! तळ्याच्या मधोमध एक चहाघर आहे. तिथं १८५५ पासून चहा मिळतो आहे.

इथं वाफाळलेले 'श्यावलोंगबाव' मिळतात. बघताक्षणी तुम्ही ओरडाल, "अय्या, उकडीचे मोदक!" तशाच नाजूक कळ्या पाडलेल्या, तसेच वाफवलेले. फरक आतल्या सारणात. आत असतं मांसाचं सारण आणि गरमागरम रस्सा. बंद पारीत रस्सा भरतात कसा? युक्ती सोपी आहे. रस्सा आधी गार करून जेलीसारखा घट्ट करतात, त्याचे तुकडे सारणात मिसळतात. वाफ लागली की जेली विरघळते! खाताना आधी बाजूला छोटंसं भोक पाडून रस्सा ओढायचा. घाई केलीत तर जीभ भाजलीच म्हणून समजा. सारण बहुधा डुकराच्या मांसाचं असतं. शाकाहारी मंडळींनी नानजिंग रस्त्यावरच्या गोंगदलिनमध्ये जावं. १९२२ पासून तिथं बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण मिळतं.

वाटेत 'शिकुमेन' घरं दिसतील. दगडी चौकटीचं दार, आत इवलासा चौक, आणि अशा घरांच्या ओळीत चिंचोळ्या गल्ल्या. गल्लीत काठ्यांवर वाळत घातलेले कपडे, पत्ते खेळणारे आजोबा, एकमेकींशी बोलत भाजी निवडणाऱ्या बायका. थेट गिरगावची चाळ! एके काळी शांघायचे बहुसंख्य लोक अशाच गल्ल्यांत राहत. १९९० नंतर यांतल्या कितीतरी वस्त्या पाडल्या गेल्या आणि तिथं टॉवर आले. लोकांना स्वतंत्र न्हाणीघर मिळालं, नळ मिळाला, तो आनंद काही लहान नाही. पण घरं बहुधा लांब, शहराच्या कडेला मिळाली आणि जुना शेजार पांगला. चाळ सोडून गेलेल्या तुमच्या आजीला विचारा, ती बरोबर सांगेल.

नदीपलीकडचं जंगल

दुपारी होडीने नदी ओलांडू. तिकीट फक्त दोन युआन. पलीकडच्या काठाचं नाव पुदोंग, म्हणजे हुआंगपूच्या पूर्वेचा भाग. १९९० पर्यंत तिकडे शेतं, गोदामं आणि साधी घरं होती. पलीकडे अख्खं घर मिळण्यापेक्षा अलीकडे एक खाट बरी, असं शांघायचे लोक म्हणत. १९९० मध्ये सरकारने पुदोंगच्या विकासाची घोषणा केली, आणि बघता बघता इमारतींचं जंगलच उभं राहिलं.

पहिला उभा राहिला १९९४ साली ओरिएंटल पर्ल टॉवर. ४६८ मीटर उंच. मोठमोठे गोळे ओवलेला. वर २५९ मीटरवर काचेची जमीन आहे. खाली पाहा, तुमच्या बुटांखाली मोटारी मुंग्यांसारख्या धावताहेत! मग १९९९ मध्ये ८८ मजल्यांचा चिन माव, २००८ मध्ये ४९२ मीटरचा वर्ल्ड फायनान्शियल सेंटर. त्याच्या माथ्याला मोठी चौकोनी फट आहे, म्हणून लोक त्याला बाटलीचं बूच काढायचा ओपनर म्हणतात. आणि या सगळ्यांहून उंच, २०१५ साली पुरा झालेला शांघाय टॉवर. ६३२ मीटर, १२८ मजले! लिफ्ट मिनिटाच्या आत तुम्हाला वर पोचवते. कान मात्र बंद होतात.

हा टॉवर पिळलेल्या टॉवेलसारखा दिसतो. तो निव्वळ शोभेसाठी नाही हं. सरळसोट इमारतीवर वादळी वारा आपटतो, पिळदार इमारतीवरून तो निसटून जातो. त्यामुळे वाऱ्याचा जोर सुमारे चोवीस टक्क्यांनी कमी होतो. शिवाय माथ्याजवळ एक हजार टनांचं वजन टांगलेलं आहे. वाऱ्याने टॉवर एका बाजूला झुकू लागला, की ते वजन उलट्या बाजूला जाऊन त्याला सावरतं.

पण खरी करामत आहे जमिनीखाली. शांघायची जमीन म्हणजे नदीने आणलेला मऊ गाळ. खडक फार खोल. म्हणून टॉवरखाली जवळजवळ हजार खांब खोलवर गाडले आणि त्यांवर सहा मीटर जाडीचा काँक्रीटचा पाट बसवला.

या मऊ जमिनीनं शहराला एक धडाही शिकवला आहे. पूर्वी गिरण्या आणि कारखाने जमिनीतून बेसुमार पाणी उपसत. पाणी निघून गेलं तशी जमीन दबत गेली. १९२१ ते १९६५ या काळात शहराचा मध्यभाग सरासरी दीड मीटरहून अधिक खाली गेला! म्हणजे तुमच्याएवढं एखादं मूल उभं मावेल इतका. १९६० च्या दशकात उपसा कमी केला, जमिनीत पाणी परत सोडायला सुरुवात केली, तेव्हा खचण्याचा वेग पुष्कळ कमी झाला. बोअरवेल मारणाऱ्या आपल्या गावांनीही हे ऐकून ठेवावं.

पुदोंगच्या विमानतळाकडे जाणारी, चुंबकाच्या जोरावर रुळांना न टेकता धावणारी रेल्वेही इथलीच. तिचा वेग ताशी ४३१ किलोमीटरपर्यंत जाई. २०२१ पासून तो ३०० वर आणला आहे. आणि १९९३ मध्ये सुरू झालेली इथली मेट्रो आता आठशे किलोमीटरच्या पुढे गेली आहे.

पुन्हा बांधावर

संध्याकाळ झाली. पुन्हा बंडवर या. दोन्ही काठांवर दिवे लागले आहेत. अलीकडे जुन्या दगडी इमारती सोनेरी उजेडात, पलीकडे टॉवर लाल-निळ्या रंगांत. मध्ये काळी हुआंगपू. केवढी ही गर्दी! बाबांच्या खांद्यावर बसलेली मुलं, फोटो काढणाऱ्या ताया.

एक गोष्ट लक्षात आली का? रस्त्यावरून नदीकाठी यायला पायऱ्या चढाव्या लागल्या. का बरं? कारण आपण उभे आहोत ती जागा म्हणजे पूर अडवण्यासाठी बांधलेली भिंत आहे. जमीन खचलेली, समुद्र जवळ, वादळात भरतीचं पाणी नदीतून वर चढतं. त्याला अडवायला शहराने काठ उंच केला. म्हणजे बंड हा आजही खराखुरा बांधच आहे! आपल्याकडून गेलेला शब्द त्याच्या जुन्या अर्थाला जागला म्हणायचा.

२०१४ साली मुंबई आणि शांघाय ही भगिनी-शहरं झाली. तेव्हा यापुढे कुणी "मुंबईचं शांघाय करू" म्हणालं, तर नुसतं हसू नका. नम्रपणे विचारा, "कुठलं शांघाय, काका? मेट्रो आणि पूर अडवणारा बांध असलेलं? कुणाला घ्यायला तयार नव्हतं त्यांना घेणारं? की घरच्यांनाच बागेबाहेर ठेवणारं?"

आणि येत्या सुट्टीत एक काम करा. तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या रुग्णालयावरची, वाचनालयावरची किंवा बंधाऱ्यावरची पाटी वाचा. ते कुणी बांधलं, कधी, आणि पैसे कुठून आले, हे मोठ्यांना विचारा. कुणी सांगावं, तुमचाही माग निघेल थेट शांघायच्या बांधापर्यंत!